बीट, डाळिंब आणि भाकरी थापणारे बधिर हात

"मॅडम, रोज एक बीट पुरतं का दोन लागतील?"

काकू खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी आधी हेच विचारलं. मी आहाराचा सल्ला देते. एप्रिलचा दुसरा आठवडा होता, सकाळी अकरालाच सोलापूर तापलेलं. उजव्या पायाच्या तळव्याला पट्टी बांधलेली. सोबत कॉलेजात शिकणारी लेक, आणि लेकीच्या हातात एक कापडी पिशवी. त्या पिशवीकडे मी नंतर येते.

काकूंचं वय ४८. घर वीरशैव, जन्मापासून शाकाहारी, अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही. जुन्या सोलापुरात दोन बायकांना हाताशी घेऊन त्या कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात. आठ वर्षांपासून मधुमेह आहे आणि तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू आहे, सध्या दिवसाला २ ग्रॅम. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत, आहाराचं आणि तपासण्यांचं मात्र जसं होतं तसंच ठेवलं आहे.

तळव्याची गोष्ट अशी. गच्चीवर वाळवण राखायला दुपारी चढल्या, चप्पल खालीच राहिली. स्लॅब इतका तापलेला की दुसरा कुणी उड्या मारत सावलीत पळाला असता. काकू दहा मिनिटं उभ्या राहिल्या. संध्याकाळी पाय धुताना लेकीला फोड दिसले, त्यांना स्वतःला काही कळलंच नव्हतं. "शुगरमुळं पाय बधिर होतात म्हणतात की," त्या म्हणाल्या. घरातल्या सगळ्यांनी तेच धरून ठेवलं होतं. रक्त कमी आहे म्हणून थकवा आणि शुगर आहे म्हणून बधिरपणा, असा दोन खात्यांत हिशेब मांडून झाला होता. राहिला होता फक्त बिटाचा प्रश्न.

मी बिटाचं उत्तर दिलं नाही. हात दाखवा म्हटलं.

उजव्या हाताच्या बोटांवर लहान लहान डाग होते, काही जुने, काही ताजे. तव्याचे चटके. रोज दीडशे भाकऱ्या करणाऱ्या बाईच्या हाताला चटके नवे नाहीत, पण हे चटके बसताना समजत नव्हते. काकू सांगू लागल्या तसं एकेक बाहेर आलं. पीठ मऊ झालं की नाही हे पूर्वी हातालाच कळायचं, आता शेजारच्या बाईला दाबून बघायला सांगावं लागतं. भाकरी थापताना कडेला जाड राहते. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, म्हणून एक हात भिंतीला लावून ठेवतात. जीभ सोलवटल्यासारखी झाली आहे, चटणी झोंबते, त्यामुळे मीठ-तिखट लेकच चाखते.

मधुमेहामुळे नसा बधिर होतात हे खरं आहे. पण तो बधिरपणा बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून सुरू होतो, वर्षानुवर्षं हळूहळू वर सरकतो आणि हातांपर्यंत बराच उशिरा पोचतो. काकूंच्या हातापायांत मुंग्या जवळपास एकदमच सुरू झाल्या होत्या, गेल्या सात-आठ महिन्यांत. सोबतीला जीभ होती, डोळे मिटल्यावर जाणारा तोल होता. हे सगळं एकत्र आलं की माझ्या डोक्यात एकच नाव येतं, बी१२ या जीवनसत्त्वाची कमतरता.

पिशवीतलं सगळं

लेकीने पिशवी टेबलावर रिकामी केली. लोहाची गोळी. फॉलिक अॅसिडची ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी. कॅल्शियम. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पाकिटं. केसांसाठी बायोटिन. स्पिरुलिनाचा डबा, त्यावर हिरव्या अक्षरांत 'शाकाहारी बी१२'. आणि अॅसिडिटीची गोळी, जी कुणी तरी पंधरा दिवसांसाठी दिली होती आणि गेली दोन वर्षं चालू होती.

यातलं बरंचसं लेकीने आईच्या काळजीने आणलेलं होतं, काही ऑनलाइन, काही औषधाच्या दुकानातून 'रक्त वाढायला काही द्या' असं सांगून. पोर रडवेली झाली होती. तिला मी तेव्हाच सांगितलं की या पिशवीतली एकही वस्तू मूर्खपणाची नाही, प्रत्येकीमागे एक खरी गोष्ट आहे. अडचण एवढीच की आईच्या पोटात आधीपासून काय जातंय, हे कुणी एका जागी बसून लिहून काढलं नव्हतं.

त्यात मीही आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीत मधुमेहाचं शिबिर झालं, तिथे मी आहाराचे छापील कागद वाटले होते. काकूंनी तो घडी घातलेला कागद जपून ठेवला होता, पिशवीच्या तळाशी निघाला. भात कमी, भाजी जास्त, साखर बंद, सगळं बरोबर. पण शाकाहारी आहात का, मेटफॉर्मिन किती वर्षं घेताय, हे दोन प्रश्न त्यावर कुठेच नव्हते. शिबिरात प्रत्येकीला दोन मिनिटं मिळत होती, ते दोन प्रश्न दोन मिनिटांत मावले असते. तो कागद मी आता बदलला आहे.

जुने रिपोर्ट लेकीने फोनमध्ये ठेवले होते. डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन ८.६. मग लोह आणि फॉलिक अॅसिड सुरू झालं, त्यासोबत बीट, डाळिंबाचा रस, खजूर आणि रोज संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. एप्रिलमध्ये हिमोग्लोबिन १०.४. घरात आनंद, औषध लागू पडलं म्हणून. त्याच चार महिन्यांत हातांचा बधिरपणा दुप्पट झाला होता. आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.२ वरून ८.३ वर गेली होती, ज्यात खजूर, गूळ आणि रसाचा वाटा उघड होता. लोहाची किंवा बी१२ची कमतरता असली की ही सरासरी खरीपेक्षा थोडी जास्त दिसू शकते, त्यामुळे त्या एका आकड्यावरून मधुमेहाची गोळी वाढवू नये असंही मी चिठ्ठीत लिहिलं.

आमच्या भागात डाळिंबाला फार मान आहे आणि तो योग्य आहे. सोलापूरचं डाळिंब जगभर जातं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथेच आहे. पण लाल रंग म्हणजे रक्त, ही समजूत फळावर अन्याय करते. १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह साधारण ०.३ मिलिग्रॅम, बिटात ०.८ च्या आसपास. काकू रोज ज्या ज्वारीच्या भाकऱ्या थापतात तिच्या १०० ग्रॅम पिठात जवळपास ४ मिलिग्रॅम. म्हणजे ज्या बाईने बिटासाठी मंडईच्या खेपा घातल्या, तिच्या परातीत बिटाच्या पाचपट लोह आधीच होतं. पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये ठरवलं, आणि तेही आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातून सुमारे ८ टक्केच शोषलं जातं हे धरून. दोन बिटांनी हा खड्डा भरत नाही.

चार महिने गोळ्या घेऊनही लोहाचा साठा का भरला नाही, याचं उत्तर घड्याळात सापडलं. काकू लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर एकत्र घ्यायच्या, चहासोबत. कॅल्शियम लोहाला अडवतं. चहातली द्रव्यं जेवणातलं लोह निम्म्याहून अधिक अडवू शकतात. त्यात अॅसिडिटीच्या गोळीने जठरातलं आम्ल कमी केलेलं, आणि लोह शोषलं जायला ते आम्ल लागतं. आणि पाळी? "दीड वर्ष झालं, नऊ-नऊ दिवस जातं," काकू खाली बघत म्हणाल्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी.

रिपोर्ट

त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनना मी सविस्तर चिठ्ठी दिली. तपासणीआधी तीन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगितलं, कारण केसांच्या गोळ्यांमधलं जास्त मात्रेचं बायोटिन थायरॉइड, बी१२ अशा काही चाचण्यांचे आकडे चुकवतं. ही गोष्ट लॅबमध्ये रक्त द्यायला जाणाऱ्या प्रत्येकीला माहीत असायला हवी.

बी१२ आलं १२१ पिकोग्रॅम. त्या लॅबची खालची मर्यादा २०० होती. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन १४. रक्तपेशींचा सरासरी आकार ९१, म्हणजे अगदी नॉर्मल, आणि हाच आकडा सगळ्यांना फसवून गेला होता. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं की सरासरी मधोमध येऊन बसते आणि रिपोर्ट साधासुधा दिसतो. लहान-मोठ्या पेशींचा फरक सांगणारा आरडीडब्ल्यू नावाचा आकडा मात्र १९ वर गेला होता. तो रिपोर्टमध्ये असतोच, पण कुणी त्या ओळीपर्यंत वाचत नाही.

मग हिमोग्लोबिन वाढत असताना हात का बिघडत गेले? या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती जुनी आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांमधल्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवून दिलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अॅसिड. माझी आजी इथल्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, त्यामुळे गिरणीतल्या बायांच्या रक्तातून लागलेला हा शोध मला फार जवळचा वाटतो. पण त्याचा पुढचा भाग तितकाच लक्षात ठेवायला हवा. १९४० च्या दशकात फॉलिक अॅसिड हाती आल्यावर ते वेगळ्या कारणाने रक्तक्षय झालेल्या रुग्णांनाही दिलं गेलं. त्यांचं रक्त सुधारलं आणि नसांचा आजार मात्र वाढत गेला. त्यांना खरी गरज होती ती बी१२ची, जे १९४८ मध्ये शुद्ध रूपात वेगळं करता आलं.

रक्तपेशी बनवताना फॉलिक अॅसिड आणि बी१२ जोडीने राबतात. फॉलिक भरपूर दिलं तर बी१२ नसतानाही रक्ताचं काम कसंबसं पुढे सरकतं. नसांवरचं आवरण राखायचं काम मात्र बी१२वाचून अडतं, तिथे फॉलिकची मदत होत नाही. काकूंच्या बाबतीत हेच घडत होतं. रक्ताचा आकडा चढत होता म्हणून सगळे निर्धास्त होते आणि आत हातांची जाणीव जात होती. म्हणून बी१२ तपासल्याशिवाय ५ मिलिग्रॅम फॉलिक महिनोन्महिने घेऊ नये. गरोदरपणाच्या आधीच्या आणि सुरुवातीच्या फॉलिकची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे, ते डॉक्टर सांगतील तसं घ्यायचंच.

"मग ताकाचं काय?"

हा प्रश्न काकूंनी जरा दुखावून विचारला. त्यांच्या घरात दही-ताक रोज असतं, आणि ताकातून बी१२ मिळतं असं त्यांनी ऐकलं होतं. खोटं नव्हतं ते. आम्ही कागदावर हिशेब मांडला. दिवसभराच्या चहात मिळून १०० मिली दूध, त्यातून साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. लहान वाटी दही, ०.५ च्या आसपास. दोन ग्लास ताक, पण काकूंचं ताक म्हणजे दोन चमचे दह्यात तांब्याभर पाणी, त्यातून मिळून ०.२. बेरीज १.१. गरज २.२. म्हणजे निम्मी. त्यात मेटफॉर्मिन आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ शोषलं जाण्याच्या आड येतं आणि अॅसिडिटीची गोळी ते अन्नातून सुटंच होऊ देत नाही. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून पहिली पाच-सहा वर्षं काही जाणवलं नाही. साठा संपला आणि सगळं एकदम दिसू लागलं.

काकूंचं ताट मी पुन्हा पुन्हा तपासलं. मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा, दही. इतकं चांगलं ताट मी पुण्या-मुंबईच्या महागड्या डाएटमध्येही पाहिलेलं नाही. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ज्वारीत १०. पण बी१२ कुठलीच वनस्पती तयार करत नाही, प्राणीही करत नाहीत, ते फक्त जिवाणू करतात आणि प्राण्यांच्या शरीरात साठतं. ज्वारीत ते शून्य, शेंगदाण्यात शून्य, पालकात, बिटात, डाळिंबात शून्य. यात ज्वारीचा दोष नाही आणि काकूंच्या धर्माचाही नाही. इडली-धिरडं आंबवल्याने ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात असतं त्यातलं बहुतेक बी१२सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न वापरता येणारं द्रव्य असतं. तो डबा आम्ही बाजूला ठेवला.

अंड्याचं मी सुचवलं नाही. ज्या घरात ते चालत नाही तिथे 'खायला काय हरकत आहे' असं म्हणणं मला पटत नाही, आणि नसांपर्यंत नुकसान पोचल्यावर दोन अंड्यांनी काही भागलंही नसतं.

डॉक्टरांनी बी१२ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरू केली. पहिले पंधरा दिवस दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. फॉलिकची ५ ची गोळी थांबवली, अॅसिडिटीची हळूहळू सोडवली. मेटफॉर्मिन चालूच ठेवलं. हे ठळक लिहिते, कारण ही गोष्ट वाचून कुणी आपली मधुमेहाची गोळी बंद केली तर अनर्थ होईल. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, ते घेणाऱ्यांनी अधूनमधून बी१२ तपासावं एवढंच. डीची पाकिटं आठवड्याला एक अशी बरोबर घेतली जात होती, पण आठ आठवड्यांचा कोर्स सात महिने लांबला होता. दिवसाला भागून बघितलं तर साडेआठ हजार युनिट होतात, आणि रोजची गरज ६०० आहे. तीही थांबली. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, गर्भाशयात गाठी निघाल्या, त्याचे उपचार वेगळे सुरू झाले.

माझ्याकडे उरलं ते घड्याळ. लोहाची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत, साखर न घालता. कॅल्शियम रात्री. चहा जेवणापासून तासभर लांब. उसळीवर लिंबू पिळायचं, मटकीला मोड आणायचे, मधल्या वेळेला गूळ-शेंगदाण्यांऐवजी पेरू आणि मूठभर शेंगा. ताक जरा दाट. चहा लांबवण्यावरून काकू माझ्याशी भांडल्या. जेवण झालं की चूलीवर आधण चढतंच, दोन्ही मदतनीस बायका त्याच चहासाठी थांबतात. शेवटी चहा भाकऱ्यांचा शेवटचा घाणा झाल्यावर, म्हणजे साडेतीनला ठरला.

पुढे

जीभ दहा दिवसांत सुधारली. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी फोन केला, घाबरून. मुंग्या वाढल्या होत्या. नसा सावरताना सुरुवातीला असं होऊ शकतं, हे मी आधी सांगितलं होतं तरी त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवून घेतलं, इंजेक्शनं तशीच चालू राहिली.

जुलैत हिमोग्लोबिन ११.९, फेरिटिन ३१, साखरेची सरासरी ७.१. ऑक्टोबरमध्ये पीठ हाताला कळू लागलं. त्या दिवशी त्यांनी मला भाकरी दाखवायला आणली, कडेपासून मधोमध एकसारखी पातळ, उन्हाकडे धरली तर पलीकडचं दिसावं अशी. तोंड धुताना आता भिंत धरावी लागत नाही. पायाची बोटं मात्र अजून पूर्ण जागी झालेली नाहीत, आणि त्यातलं किती परत येईल हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. आठ महिने उशिरा पोचलो आम्ही. त्यातला किती बधिरपणा मधुमेहाचा आणि किती बी१२चा, हे वेगळं काढता येत नाही.

आता इंजेक्शनऐवजी रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी आहे. लेकीने विचारलं, गरज दोनची आणि गोळी हजाराची, हा डोस जास्त नाही का? आतड्याचा नेहमीचा दरवाजा एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेतो. बाकीच्यातलं शंभरात एक झिरपून आत जातं, म्हणजे हजारातून दहा. उरलेलं शरीराबाहेर पडतं. गोळी मोठी ठेवायची ती त्या झिरपण्यासाठी.

काकूंचा अजून एक प्रश्न शिल्लक आहे. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वराच्या जत्रेला, दरवर्षी त्या घरापासून देवाच्या अक्षता सोहळ्यापर्यंत अनवाणी जातात, लग्न होऊन आल्यापासून. या जानेवारीत जायचं का? मी चप्पल घालून चला म्हटलं. त्या गप्प बसल्या. मग लेकीने सुचवलं की जाताना चप्पल घालायची आणि देवळापाशी काढायची, तिथून पुढे तिचा हात धरून चालायचं, आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे. काकूंनी मान डोलावली. पुढची रक्ततपासणी यात्रा संपल्यावर ठेवली आहे.